माझं पॅकेज कोणतं

शाळा नववीत सुटली आणि बुलढाण्याकडचं गाव त्यानंतर थोड्याच दिवसांत. हिंदी मुलखात, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, धर्मकाट्यावर मी ट्रकांची वजनं लिहायचो. त्या काट्याचा प्रोग्राम बसवायला एक नागपूरकडची दीदी यायची. तिनंच मला शिकवलं आणि तिथल्याच शहरातल्या तेलीबांध्याच्या आपल्या ऑफिसात कामाला बसवलं. तिचे उपकार आठवले की अजूनही मी खुर्चीच्या टोकाशीच बसतो.

शनिवारी भैया, म्हणजे ऑफिसचे मालक, मला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. त्याआधी काट्याच्या प्रोग्रामच्या, एकाच फोल्डरमध्ये पडलेल्या जावा भाषेतल्या फायली पॅकेजमध्ये लावायचं काम माझ्याकडे आलं. पॅकेज म्हणजे फोल्डरच, फक्त प्रत्येक फायलीच्या डोक्यावर त्याचं नाव लिहावं लागतं. दुसऱ्या पॅकेजातलं काही हवं असेल, तर तिथून ते इम्पोर्ट केल्याची ओळ लिहावी लागते.

मी तीन पॅकेजं केली: भैया, दीदी आणि मी. ज्यानं लिहिलं, त्याचं. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, म्हणजे पंगतीला गेली तरी परत येतात. शिवाय शनिवारी दाखवायला आपलं असं काही हवं होतं.

दीदी म्हणाली, "काहून रे, भांडे आहेत का हे? उद्या मी सोडून गेली, तं पावती कोणाच्या घरी शोधशील?"

मग वजन, गाडी, पावती अशी कामावरून पॅकेजं केली. माझ्या फायली तिन्हीकडे पांगल्या आणि चुकांच्या खुणांनी स्क्रीन लाल झाली. इम्पोर्टच्या ओळी जुन्याच पत्त्यावर चौकशी करत होत्या. त्या सुधारल्या, तरी काही क्लास, म्हणजे फायलींतले कामाचे तुकडे, सापडेनात. एका घरात राहताना त्यांना पब्लिक, म्हणजे बाहेरच्यांना दिसणारं, असण्याची गरज पडली नव्हती. भीतीपोटी मी सगळेच पब्लिक केले. बाहेरच्याला लागतं तेवढंच उघडं ठेव, असं म्हणून दीदीनं निम्मे परत झाकले.

शनिवारी भैयांनी विचारलं, "तुम्हारा वाला कौन सा है?"

मी वजन उघडलं, मग गाडी, मग पुन्हा वजन. सगळीकडे थोडं थोडं आहे, असं सांगितलं. काहीच न केलेला माणूसही हेच सांगतो, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

दीदीनं माऊस ओढून घेतला. पावतीची फाईल तिनं लिहिलेली होती. भरल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचं वजा करणारा माझा क्लास त्यात इम्पोर्ट केला होता. तिनं ती ओळ पुसली. पावती लाल झाली.

"हे याचं," ती म्हणाली.

भैयांनी लाल ओळीवर बोट ठेवलं.

"वापस डालो," ते तिला म्हणाले. "और सोमवार को उरला जाओगी तो इसको साथ ले जाना."

ओळ परत मीच लिहिली. पहिल्यांदा चुकली.