साळूबाईची शेवटची आंघोळ

जुन्या जालन्यातल्या ख्रिस्ती वस्तीत कुणा बाईचा जीव गेला, की घरचे लोक आधी पाळकसाहेबांकडे जात नाहीत. आधी गिरिजाबाईच्या दारात येतात. ती काही विचारत नाही. पदर खोचते, फळीवरची पिशवी उचलते आणि चालू लागते. पिशवीत कंगवा, साबण, धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं आणि पांढरा दोरा ओवलेली सुई. मयत बाईला आंघोळ घालावी, केस विंचरावेत, पांढरं लुगडं नेसवावं, हात छातीवर जुळवावेत आणि कुणाला न सांगता मागच्या दारानं निघून यावं. रडणं घरच्यांचं आणि पाणी गिरिजाबाईचं, असा त्या वस्तीचा रिवाजच पडून गेला आहे.

तरुणपणी तिलाही रडू यायचं. पुढं ते थांबलं. लोक म्हणतात, सवयीनं थांबलं. तसं नाही. ते एका दुपारी थांबलं, तिच्या मायच्या मातीच्या दिवशी.

माय तेव्हा धाकट्या मीनाकडे होती, वाटूरच्या पुढं, आतल्या एका खेड्यात. मे महिना होता. निरोप आला तशी गिरिजाबाई निघाली, आणि पिशवी घेऊनच निघाली. साऱ्या वस्तीला न्हाऊ घातलेल्या हातांनी एक दिवस आपल्या मायला न्हाऊ घालायचं, हे तिनं मनात कधीचं धरून ठेवलं होतं. फाट्यावर एसटीतून उतरून ती पायी गावात आली, तर समोरून माणसं खांद्यावर फावडी टाकून परतत होती. माती झाली होती.

मीना दारात उभी होती. "ऊन लई व्हतं आक्का, ठेवता येईना," एवढंच म्हणाली.

गिरिजाबाई अंगणातूनच फिरली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं तो घेतला नाही.

त्यानंतर वर्षं गेली. बहिणींनी एकमेकींचं नाव घेतलं नाही. रविवारी उपासनेत सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणायची, तेव्हा दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ आली की गिरिजाबाई तोंड मिटून घ्यायची. ओळ सरली की पुन्हा म्हणू लागायची. प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही ती मागच्या बाकावरून उठत नसे. शेजारी बसणाऱ्या दुर्गाबाईच्या हे ध्यानात आलं होतं.

"अगं, म्हणून टाक की," ती एकदा कुजबुजली. "देव काय तुझं तोंड बघत बसलाय?"

"तोच तर बघून राह्यलाय," गिरिजाबाई म्हणाली.

यंदा नाताळ उरकून थोडेच दिवस झाले होते. सकाळी फोन वाजला. मीनाचा नवरा संपत बोलत होता.

"आक्का, सलाम. आमची माय गेली. पहाटं."

माय म्हणजे साळूबाई, मीनाची सासू.

"प्रभूची मर्जी," गिरिजाबाई म्हणाली. "माती कधी हाये?"

"तुम्ही आल्यावर."

"मी कशाला? तिथं बाया न्हाईत का?"

"हायेत. पण मीना कुणाला हात लावू देऊन न्हाई राह्यली. आक्का आल्याबिगर पाणी घालायचं न्हाई म्हणती. खड्डा खणून झाला, पाळकसाहेब येऊन बसले. तुम्ही न्हाई आल्या तर मयत तसंच राहील. मी माझ्या बायकोला ओळखतो."

फोन ठेवून गिरिजाबाई खाटेवर बसली. जायचं नाही म्हणायला तिच्यापाशी पुरेसं कारण होतं. पण तिकडं एक बाई आंघोळीवाचून पडली होती, आणि तिनं आजवर कुठल्याच मयताला नाही म्हटलं नव्हतं. तिनं आपल्या मनात राग शोधला, तो सापडला नाही. माया शोधली, तीही सापडली नाही. मग तिनं पिशवी उचलली.

ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. अंगणात बाया दाटीनं बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "जित्तेपणी साळूबाई चहा उकळूस्तोवर थांबत नव्हती. आज बघा, पाव्हणीसाठी कशी गपगार थांबलीय." एक-दोघी पदराआड हसल्या.

पाळकसाहेब तरुण होते. खुर्चीवरून अर्धवट उठत म्हणाले, "बाई, जरा जल्दी करा. अंधाराआधी माती झाली पाहिजे."

मीना चुलीपाशी होती. तिचे केस पांढरे झाले होते.

"आलीस?"

"आले. पाणी तापलंय का?"

"सकाळपासून तापवून राह्यले. निवतं, अन् पुन्हा तापवते."

दार लोटून दोघीच आत राहिल्या. मीना तांब्यानं पाणी द्यायची, गिरिजाबाई अंगावरून फडकं फिरवायची. साळूबाई पोरीएवढी हलकी झाली होती.

"आक्का," मीना म्हणाली, "त्या दिवशी ऊन व्हतं. पण तेवढं बी न्हाई व्हतं."

गिरिजाबाईचे हात थांबले नाहीत.

"तू फाट्यावर उतरलीस म्हणून एक जण सांगत आल्ता. म्या ऐकलं. ऐकून म्हणलं, उचला."

"का?"

"मायचं हगणं-मुतणं म्या काढलं. तू सणासुदीला यायचीस, तर मायला तुला कुठं ठेवू अन् कुठं न्हाई व्हायचं. रोज मला म्हणायची, मेल्यावर मला गिरिजा न्हाऊ घालील, तिचा हात हलका हाये. मला लई लागायचं ते. म्हणलं, समद्या जालन्याला तू न्हाऊ घाल. माझ्या मायला मी घालीन." तिनं तांब्या खाली ठेवला. "घातलं. पण केस सुटेनात मला. हात कापत व्हते, बाहेर माणसं जल्दी करून राह्यली व्हती. गुंता तसाच ठेवून बांधले. मायला तसंच पुरलं म्या, आक्का."

गिरिजाबाईनं पिशवीतून कंगवा काढला होता. मायचे केस तिला आठवले. दाट, खोबरेल तेलाचा वास येणारे. कुठंतरी दुखायला हवं होतं. दुखलं नाही.

"माफ करशील का मला?" मीनानं विचारलं.

"मला काही वाटूनच न्हाई राह्यलं, मीने. राग बी न्हाई अन् दुसरं बी काही न्हाई. मयतापुढं बसून खोटं कसं बोलू?"

मीनानं मान हलवली. बाहेर कुणीतरी खोकलं.

गिरिजाबाईनं कंगवा तिच्यापुढं धरला. आजवर तो तिनं कुणाच्या हाती दिला नव्हता. "धर."

"मला न्हाई जमत."

"जमतंय. वरून ओढू नको. खालच्या टोकापासून धर, अन् थोडं थोडं वर ये. मधी दुसऱ्या हातानं आवळून धर, म्हणजे ओढ बसत न्हाई."

गिरिजाबाईनं साळूबाईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि मीनाचं मनगट धरून पहिली बट सोडवली. दुसरी मीनानं सोडवली. पाळकसाहेबांनी दारावर टकटक केली. "थांबा," गिरिजाबाई आतूनच म्हणाली. सगळे केस सुटेपर्यंत कुणी घाई केली नाही.

कब्रस्तानात उन्हं पार खाली आली होती. पेटी उतरवली. मंडळीनं प्रभूची प्रार्थना धरली. ती ओळ जवळ येऊ लागली, तसे गिरिजाबाईचे ओठ सवयीनं मिटू लागले. मग तिला तो कंगवा दिसला. परत द्यायचा विसरून मीनानं तो अजून मुठीत धरला होता. मनात काही वाटो न वाटो, दिलेली वस्तू तर दिलेली होती, त्यात खोटं काही नव्हतं. गिरिजाबाईनं ती ओळ म्हटली. बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या आवाजात म्हटली, पण पुरी म्हटली.

साळूबाईला माती देऊन झाल्यावर मीना तिला चार कबरी ओलांडून मायपाशी घेऊन गेली. तिथं गवत वाळून गेलं होतं. गिरिजाबाई वाकली, मूठभर माती उचलली आणि टाकली. थोडा वेळ उभी राहिली. रडू येतंय का, याची तिनं वाट पाहिली. आलं नाही.

माणसं खांद्यावर फावडी टाकून परतली, तशी तीही त्यांच्यामागून घरी आली. अंगणात हातपाय धुतले. मीनानं पाण्याचा तांब्या पुढं केला. गिरिजाबाईनं तो घेतला आणि उभ्यानंच प्यायली. पाणी पाण्यासारखंच लागलं.

"आणखी थोडं दे," ती म्हणाली.