ओळखीचं पार्सल

परदेशातून येणारी पार्सलं तपासणं ही माझी नोकरी. कस्टम्समध्ये लागले तेव्हा आमच्या टेबलाला सहा जण होते. कोणी निवृत्त झालं, कोणाची विमानतळावर बदली झाली, आणि उरलो दोघे. रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही छत्र्या आणि डबे ठेवायचो. अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा होता, पण त्याला सांभाळणारा हवालदार निवृत्त झाल्यावर तोही दुसरीकडे गेला. मग नवीन स्कॅनर आला, तर त्यावर बसायला माणूस नाही. चणे आहेत तर दात नाहीत. जागा भरायचा प्रस्ताव वर गेलाय, एवढं दर वर्षी ऐकायचं आणि कामाला लागायचं.

अशा वेळी माणूस अंदाजाने काम करायला लागतो. सगळी खोकी उघडणं शक्यच नाही. मग पत्ता बघायचा, नाव बघायचं, खोकं हातात तोलायचं. संशय आला तर बाजूला, नाहीतर शिक्का, सही आणि पुढे. एक दिवस एका खोक्यावर लालबागच्या आमच्याच चाळीचा पत्ता दिसला. नाव समोरच्या काकींच्या मुलाचं. आत कॅमेऱ्याची बॅग आहे असं लिहिलं होतं. मला चक्क आनंद झाला. एवढ्या ढिगात घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. हसतच सही केली.

माझी आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आले की मी काकींकडेच जेवायचे. त्यांचा मुलगा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन गॅलरीत फिरवलंय, दर भाऊबीजेला ओवाळलंय. त्या संध्याकाळी मी त्याला चिडवलं, "काय रे, परदेशातून बॅगा मागवतोस? पार्टी कधी?" बॅग आली की देतो म्हणाला आणि आत गेला. एरवी माझी फिरकी घेतल्याशिवाय तो सोडायचा नाही, हे मला नंतर आठवलं.

पुढच्याच रविवारी दुपारी काकींची हाक ऐकून धावले. तो बिछान्यावर निपचित पडला होता. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, नशेच्या गोळ्या. "तो तर सुपारीपण खात नाय," काकी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

तेराव्यानंतर त्याचं कपाट आवरायला काकींनी मला बोलावलं. तळाशी ते खोकं होतं, त्यावर माझी सही. बॅगेचं अस्तर एका बाजूने उसवलेलं, आत एक चपटी रिकामी पुडी. मी तिथेच खाली बसले. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळं लेखी दिलं. साहेब भला माणूस. म्हणाले, "दोन माणसांनी काय काय बघायचं? मनाला लावून घेऊ नका." त्यांचं खोटं नव्हतं. टेबलाला आणखी कोणी असतं तर खोकं त्याच्या हातात गेलं असतं, त्याने उघडलंही असतं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण ते माझ्याच हातात आलं होतं, आणि मी ते घाईमुळे नाही, ओळखीमुळे सोडलं होतं.

काकींना सांगायचं धाडस करायला आठवडा गेला. त्या शिव्या देतील, दाराबाहेर काढतील, अशी मनाची तयारी करून गेले. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, सहीचंही. त्यांचे हात थांबले नाहीत. पुढची काडी उचलत त्यांनी विचारलं, "उघडलं असतंस, तर काय झालं असतं गो?"

"त्याला अटक झाली असती, काकी."

"म्हणजे आज तो तुरुंगात असता." त्यांनी मान वर केली. "मी डबा घेऊन गेले असते."