पट्टी उघडायला लाव

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची हे सगळं माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर जे घराबाहेर काढलं ते पुन्हा आत येऊ दिलं नाही. कुणी हडळीची गोष्ट सांगू लागलं की ते एवढंच विचारायचे, तू स्वतः बघितलीस का? मग गोष्ट तिथेच संपायची.

मी स्वतः बघितलं, म्हणून लिहिते आहे... आणि राग आला म्हणूनही. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी परवा बारशात माझीच हकिगत चारचौघींना सांगितली. म्हणे माझ्या मुलीला वाचवायला देवी हिरवं लुगडं नेसून इस्पितळात आली होती. बायकांनी हात जोडले. मी तिथून उठून घरी आले. देवी कुणी नव्हती. ती बाई चऱ्होलीची होती, हौसाबाई तिचं नाव, आणि तिचा मुलगा त्याच इस्पितळात दगावला होता.

एक्क्याऐंशी सालचा उन्हाळा. आम्ही पिंपरीला दोन खोल्यांत राहायचो, मिस्टर एका कंपनीत लेथवर होते. मला सातवा संपत आला होता. दुपारी पाणी भरताना पोटात कळ आली ती थांबेचना. मिस्टर शिफ्टला गेलेले. शेजारच्या काकूंनी रिक्षा करून मला चिंचवडच्या बाजूला, मोठ्या रस्त्यालगतच्या एका दुमजली इस्पितळात नेलं. नाव लिहीत नाही. ते कधीच बंद पडलंय.

मुलगी झाली. माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. तिला लगेच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. हातापायाची शीर सापडत नाही म्हणून बेंबीतून बारीक नळी घातली होती, त्यातून सलाईन जायचं. नळी हलू नये म्हणून बेंबीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. आईला आत जायला बंदी. बाहेर व्हरांड्यात खिडकीखाली लाकडी बाक होता, त्यावर उभं राहिलं की काचेतून पेटी दिसायची. ओल्या बाळंतिणीने बाकावर चढून स्वतःचं मूल बघायचं... त्या वेळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

खाली वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर हौसाबाई होती. माझ्याच वयाची, हनुवटीवर गोंदण, अंगावर हिरवं लुगडं. नवरा चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचा. तिचाही मुलगा वेळेआधी झालेला, त्यालाही पेटीत ठेवून तशीच नळी घातलेली. मी दाखल झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सिस्टरने फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि खाट रिकामी करायला सांगितलं. तिचं अंग तेव्हाच तापलेलं होतं, डोळे लाल. पण कुणी थर्मामीटर लावला नाही. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "जित्तेपनी एकदा बी हात लावू दिला न्हाई." नवऱ्याने तिला टेंपोत मागे बसवलं आणि ती गेली. टेंपो वळेपर्यंत मी खिडकीतून बघत होते.

पहिले काही दिवस सुजाता बरी होती. हो, नाव मी तेव्हाच ठेवलं होतं, मनातल्या मनात. दुधाचे थेंब पचत होते, पाय हलवायची. मग एका सकाळी ती हलेचना. पोट फुगलेलं दिसत होतं, रंग राखेसारखा. मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, वेळेआधीची मुलं अशीच असतात. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनाही विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता सिस्टरला सांगितलं की नातेवाइकांना इथे गर्दी करू देऊ नका. नातेवाईक म्हणजे मी. तिची आई.

दुपारी मी त्या बाकावर बसले होते. झोपले नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण सगळे तिथेच बोट ठेवतात. ऊन व्हरांड्यात अर्ध्यापर्यंत आलेलं, खाली कुठल्या तरी कंपनीची बस हॉर्न देत होती. हौसाबाई जिन्याकडून आली आणि माझ्याशेजारी बसली. तेच लुगडं. पायात चप्पल नव्हती. मला वाटलं, काही कागद राहिला असेल, म्हणून आली. मी सरकून जागासुद्धा दिली.

तिने माझं मनगट धरलं. हात तापलेल्या तव्यासारखा होता. म्हणाली, "पोरीच्या बेंबीवरची पट्टी उघडाय लाव."

मी विचारलं, का गं, काय झालं?

"टेंपोत फडकं सारून बघितलं म्या. माझ्या लेकराच्या बेंबीभवती समदं लाल-काळं झालं व्हतं. वास मारत व्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमी गप बसलो. तू बसू नगंस. ऊठ."

मी उठले. मागे वळून बघितलं नाही, सरळ त्या खोलीचं दार ढकललं. सिस्टर आडवी आली, बाहेर व्हा म्हणाली, जंतू येतील म्हणाली. त्या शब्दावर माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे... मी आयुष्यात कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, पण त्या दिवशी तिला ढकलून पेटीपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, पट्टी उघडून दाखवल्याशिवाय मी इथून हलणार नाही, पोलीस बोलवा नाहीतर कुणालाही बोलवा. आवाज ऐकून चष्म्याचे एक तरुण डॉक्टर धावत आले. नवीनच लागलेले होते. ते मला समजावू लागले, मग माझ्या मुलीकडे त्यांची नजर गेली. हात धुवून त्यांनी पट्टी सोडवली.

खाली सगळं लालभडक होतं. नळीच्या कडेने पू येत होता.

त्यांनी सिस्टरला विचारलं, ही पट्टी शेवटची कधी बदलली? नळी घातल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती. नळीसुद्धा नवी नव्हती, उकळून पुन्हा वापरलेली. कुणासाठी वापरली होती, हेही मी विचारलं. त्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

त्या डॉक्टरांनी नळी तिथल्या तिथे काढली, रक्त तपासायला पुण्याला पाठवलं, आणि डोक्यावरची एक शीर शोधून इंजेक्शनं सुरू केली. औषध आमच्याकडे मिळेना, मिस्टर पुण्याला जाऊन घेऊन आले. दोनदा तिचा श्वास थांबला. दोन्ही वेळा डॉक्टरांनी तळपायाला टिचक्या मारून, छाती चोळून तो परत आणला, आणि त्या वेळी मी आत उभी होते. आता मला बाहेर काढायची कुणाची हिंमत नव्हती. रिपोर्ट आला, रक्तात जंतू. डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, नळीवाटेच गेले असणार. अजून एक दिवस उशीर झाला असता तर..."

सुजाता वाचली. घरी आली, तिने बाळसं धरलं. तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं, हौसाबाईला भेटायला जायचं. तिला पोरगी दाखवायची.

चऱ्होलीत घर शोधायला वेळ लागला नाही. तिच्या सासूने दार उघडलं. आत हौसाबाई भिंतीला टेकून बसलेली, केस गळून विरळ झालेले, गालाची हाडं वर आलेली. मी तिच्या पाया पडले. ती गोंधळली. मी बाकावरचं सगळं सांगितलं, तर सासूच मध्ये बोलली, "कवा म्हनता? ही टेंपोतनं उतरली ती अंथरुनाला खिळली. ताप डोक्यात गेल्याला. पंधरा-वीस रोज वळखत न्हवती कुनाला. आमी आळीपाळीनं बसत हुतो उशाशी."

मी हौसाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, व्हय, खरं हाय, मला काय बी ठावं न्हाई. मग मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले... टेंपो, फडकं, लाल-काळं. तिचा चेहरा उतरला. फडकं सारून बघितलं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्यालाही नाही.

तिने हात पुढे केले. मी सुजाताला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने झबलं वर करून बेंबी बघितली, तिथला वण बोटाने चाचपला, झबलं नीट खाली केलं. मग म्हणाली, "मंग माझ्या लेकरासाठी कोन का आलं न्हाई?"

मिस्टर उठून बाहेर गेले. सासू पदराने डोळे पुसत होती. हौसाबाई रडत नव्हती. ती रागात होती, आणि तो राग माझ्यावरही असेल तर तो तिचा हक्क होता.

ती हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही दोघी त्या इस्पितळात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी भेटायला तासन्‌तास लावले. हौसाबाईने विचारलं, माझं लेकरू कशानं गेलं? ते म्हणाले, अशक्त होतं. मी म्हटलं, माझ्या मुलीच्या रक्तात जे होतं तेच त्याच्या रक्तात नसेल कशावरून? तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तुमचं मूल वाचलं ना? मग आता काय हवंय?"

चष्म्याचे डॉक्टर तोवर नोकरी सोडून गेले होते, की त्यांना काढलं होतं, कळलं नाही. आम्ही अर्ज केले, कंपनीच्या युनियनमधले दोघंतिघं आमच्याबरोबर येऊन बोलले. काही झालं नाही. एवढंच कानावर आलं की त्या खोलीत पट्ट्या रोज बदलायला लागले.

हौसाबाईला पुढे मूल झालं नाही. ती असेपर्यंत आमचं येणंजाणं होतं. बाकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही.

त्या दुपारी माझ्याशेजारी कोण बसलं होतं, मला माहीत नाही. तापाने बेशुद्ध पडलेली बाई चऱ्होलीहून चिंचवडला कशी आली, माझं मनगट कसं धरलं, हेही नाही. वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, तेही सांगता येत नाही. इतक्या वर्षांत ही हकिगत ऐकणाऱ्या प्रत्येकाने मला तेच विचारलंय, ती कशी आली असेल हो? हौसाबाईचं मूल कसं गेलं, हे एकानेही विचारलेलं नाही. आणि ते मात्र मला नीट सांगता येतं.