आत्यांचे घावणे, बरगडीखालची कळ आणि धोदाणीचा रस्ता

नवीन पनवेलहून माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीपर्यंत धावत जायचं ठरलं ते माझ्या नणंदेच्या बोलण्यामुळे. "वहिनी, जानेवारीच्या हाफ मॅरेथॉनला या वेळी मी एकटीच नाव देते. तू पोट धरून बसतेस आणि माझीही रेस जाते." वैशू खरं बोलली, म्हणूनच जास्त झोंबलं. मागच्या दोन्ही शर्यतींत माझ्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी कडेला वाकून उभी आणि ती बिचारी माझ्याशेजारी.

"रविवारी धोदाणी," मी म्हणाले. "कळ येऊन चालत सुटले तर तू खुशाल एकटी जा. नाही तर दोघींची नावं."

आठवडाभर जमिनीवर आडवी पडून, पोटावर उशी ठेवून श्वास घेतला. श्वास घेताना छाती नाही, उशी वर गेली पाहिजे. नवरा म्हणाला, "पोट फुगवायला शिकतेस? मला तर न शिकताच येतं." हसा लेको!

रविवारी उजाडताना निघालो. तुम्हीही लवकरच निघा, कारण सुकापूर मागे पडेपर्यंत रिक्षा आणि डंपर काही सुचू देत नाहीत. पुढे रस्ता मोकळा होतो. भात कापून झालेली शेतं, फार्महाऊसची कुलूपबंद फाटकं, समोर माथेरानचा डोंगर. तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर. दम लागला की आपण भराभर हवा ओढतो, पण आतली नीट सोडतच नाही. माझं तिथेच चुकायचं. नेरे आलं तरी बरगडी गप्प होती. मनात म्हटलं, आज बघच तू.

आणि नेऱ्यात वैशूच्या आत्या रस्त्यावरच उभ्या! सासूबाईंनी आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता.

"आत्या, आम्ही धावतोय. येताना थांबतो ना," मी म्हणाले.

"आमचे दारावरनं कोन उपाशी नाय जात. बसा गपचूप!"

गरम घावणे, ओल्या नारळाची चटणी. भरल्या पोटी धावलं की कळ हमखास येते, हे मला अनुभवाने पाठ. पण आत्यांचा पडलेला चेहरा बघवेना, म्हणून ताट घेतलं. त्या चहा आणायला आत वळल्या, तशी वैशूने माझ्या ताटातले घावणे उचलून भराभर खाल्ले.

आत्या आल्या, रिकामं ताट बघून खूश झाल्या. "सगला खाल्लास? बरा झाला. आनखीन घे!"

आत्यांची पाठ वळताच वैशूने तेही संपवले. माझ्यासाठी.

नेऱ्यानंतर थोडं अंतर अगदी सावकाश धावून मग वेग धरला. पुढे रस्ता चढू लागतो, घरं विरळ होतात. पाणी सोबत ठेवा, दुकान लागेलच असं नाही. एका चढावर मागून पावलांचा आवाज थांबला. वळून बघते तर वैशू कमरेत वाकलेली.

"आई गं! वहिनी, कळ आली. तू जा पुढे. तुला पोचायचंय."

आणि मला राग आला. खोटं कशाला बोलू? इतक्या दिवसांनी माझा श्वास लयीत आला होता, पाय हलके होते, आणि आता हिच्यासाठी थांबायचं? पण चालायचं नाही हे तर ठरलेलं. मग मी धावायची थांबले नाही. वेग फक्त इतका कमी केला की ती चालत माझ्या बरोबरीने येईल. एक सायकलवाला आमच्याकडे बघत बघत पुढे गेला. बघ म्हटलं.

"कुठे दुखतंय? उजवीकडे? मग डावं पाऊल पडेल तेव्हा श्वास सोड. तोंडाने, पूर्ण. बोटांनी तिथे दाबून धर."

"तुझे घावणे दुखतायत," ती कण्हत म्हणाली. मला हसू फुटलं आणि माझाच श्वास चुकला.

हळूहळू तिचा चेहरा सैलावला, ती धावू लागली. धोदाणीत दोघी घामाने निथळत शिरलो. मी एक पाऊलही चालले नव्हते. आनंदाने ओरडलेच! परत बसने आलो. बस कमी असतात, वेळ आधीच विचारून ठेवा. खर्च म्हणाल तर तिकीट आणि एकेक चहा.

संध्याकाळी वैशू मोबाईलवर दोघींची नावं भरत बसली होती. जिंकल्याचं सुख मला होतंच, पण राहून राहून तो चढ आठवत होता. एका चढावर वेग कमी करावा लागला तर मला इतका राग आला. ती माझ्यासाठी दोन अख्ख्या शर्यती थांबली होती, आणि तेव्हा तिने मला फक्त एवढंच विचारलं होतं, "आता बरं वाटतंय का, वहिनी?"