दोन सातांच्या मधला सदा

रोज सकाळी सातला सदाचा फोन यायचा. त्या दिवशी आला साडेसातला. नंबर त्याचाच, म्हणून मी आधी ओरडलेच, "काय रे, आज झोपलास काय?" तर पलीकडे त्याच्या शेजारची सून शेवंता, नुसती रडतेय... "आत्या, काका गेले."

सदा माझा धाकटा भाऊ. महाडच्या एका कारखान्यात तो मीटरं सांभाळायचा, भट्टीची उष्णता न् टाक्यांची पातळी मोजणारी. माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं जे काही समजलं ते पेपर वाचून आणि सदाची बडबड ऐकून. निवृत्त झाल्यावर तो पोलादपूरकडे उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे एकटाच राहायला गेला. मी महाडात. वाडीत फोनला रेंज नाही, डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीशी तेवढी मिळते. म्हणून तो सकाळी टाकी बघायला चढायचा आणि तिथून मला फोन करायचा. "आक्का, बरा हाय." झालं.

त्या टाकीनेच त्याचं डोकं खाल्लं. पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी बसवली होती. ती तासातून एकदा पाणी बघायची आणि जे दिसलं तेच पुढचा तासभर खरं धरून चालायची. कमी दिसलं की तासभर पंप चालू. अर्ध्या तासात टाकी भरायची आणि उरलेलं पाणी डोंगर उतरून शेवंताच्या अंगणात. भरलेली दिसली की पंप बंद. मग नळ सुटले, टाकी रिकामी झाली, बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या, तरी हिला पत्ता नाही. ठेकेदाराचा माणूस पेटीतल्या नोंदी दाखवायचा, "बघा, कमी झालं, मग भरलं. बिघडलंय काय?"

सदाने एका बांबूला खुणा केल्या, टाकीत उभा केला आणि दर पाच मिनिटांनी मोजत दिवसभर उन्हात बसला. मग आलेखाच्या वहीत ठिपके मांडून मला दाखवायला महाडला आला. "हे पेटीचे ठिपके, हे माझे. पेटी खोटं नाय बोलत गो, फक्त मधलं बघत नाय. आणि मधलं न बघता रेघ मारली की ती छानच येते. पाणी ज्या वेगाने हलतं त्याच्याहून भरभर बघायला पायजे."

"मग तिला सांग की जास्त वेळा बघायला!"

"आक्का, तुला कळलं. त्या पाणीखात्याच्या साहेबाला कळंना."

अर्ज, खेटे, पुन्हा अर्ज... वर्ष गेलं. सदा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक माणूस आला, बटणं दाबून तासाची दोन मिनिटं करून गेला. शेवंताचा चहा उकळायच्या आत काम संपलं. एवढंच होतं! एवढ्यासाठी त्याला वर्षभर पायऱ्या झिजवायला लावल्या.

पण त्याहून संताप मला सदाचा येतो. दिवसकार्याला शेवंता म्हणाली, "काकांना वर्षभर दम लागायचा. टाकीवर जाताना पाच दगडांवर बसायचे. वर पोचले की दम खाली बसेपर्यंत थांबायचे, मग तुम्हाला फोन."

"आणि तू बोलली नाहीस?"

"शपथ घातलेली त्यांनी, आत्या."

तिसऱ्या दगडावर टेकलेलाच मिळाला तो तिला. त्याच्या खिशातला फोन घेऊन ती रेंजसाठी वर धावली होती.

आता सांगा, सगळ्या गावाला मधलं बघा म्हणून ओरडणाऱ्या माणसाने मला रोज एकच ठिपका द्यावा? आणि मी तरी काय? सातला "बरा हाय" ऐकलं की दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तो बराच, असं धरून खुशाल भाजी निवडत बसायची. एकदा तरी न सांगता दुपारच्या एसटीने जायचं ना... महाडहून पोलादपूर काय लांब आहे!

परवा मी ती चढण चढले. त्याच्या पाचही दगडांवर बसले, सहावा माझा मी शोधला. वर पोचून टाकीला टेकते तोच फोन वाजला. मुंबईहून लेक. छाती धपापत होती... मी फोन वाजू दिला. दम खाली बसला, मग उचलला.

"आई, किती वेळ गं! बरी आहेस ना?"

"बरी हाय गो," म्हटलं. तिने ठेवला.

टाकीच्या झाकणाशी सदाचा बांबू अजून तसाच उभा होता, त्याच्या हातच्या खुणा वरपर्यंत दिसत होत्या. "बघतोस काय रे," त्याला म्हटलं, आणि लेकीला परत फोन लावला.