मुलीकडून नाही म्हणणारा लिबोआर

आमच्या टेकडीवर मुलीसाठी गायी देऊ करत मागणी घालायला पाहुणे आले की मुलीकडून नकार द्यायचा तो लिबोआरनंच. पटकन हो म्हटलं तर मुलगी नकोशी झाली होती असा अर्थ होतो. दोनतीन नकार सगळेच देतात, लिबोआर अकरा द्यायचा. "मुलगी? कुठली मुलगी? होती एक, तुमच्या गायींच्या बरगड्या बघून पळाली!" एकदा तर नवरदेव खरंच रडायला लागला. त्याच्या आईनं लिबोआरचे पाय धरले, आणि हा गडी म्हणतो, "बाई, पाय सोडा, मुलगी तिथं नाहीये."

एरवी माणूस साधा. निवृत्त मास्तर, एक शेळी, एक काळा कोट. बायको नाही, मूल नाही. धाकटा भाऊ झेनो याची मुलगी पेर्पेत्यू आई गेल्यापासून सात वर्षं याच्याच चुलीवर जेवली. तिच्या मागणीच्या दिवशी आपण बोलायचं, एवढीच त्याची हौस. दोन वर्षं तो वाक्यं घोळवत होता. शेळीला दावं बांधतानाही ओठ हलायचे, आणि आम्ही बायका म्हणायचो, आता शेळीला तरी नकार देऊ नको रे बाबा! झेनोनं शब्दही दिला होता, "दादा, तुझ्याशिवाय कोण बोलणार?"

त्याच सुमारास मिशनच्या दवाखान्यात मारेक नावाचा पोलंडचा डॉक्टर आला आणि आमची रुंदी भाषा शिकायला लिबोआरच्या ओट्यावर बसू लागला.

"नाही म्हणायचं तर ते आधीच म्हणून टाकायचं," लिबोआर शिकवायचा. "स्वतःबद्दल असेल तर सुरुवातीला 'सि'. सिंद्या, मी खात नाही. दुसऱ्यांबद्दल 'न्ति'. न्तिबार्या, ते खात नाहीत. म्हणा."

"न्तिबार्या. आणि मास्तर, अमुक एक वस्तूच नाही असं सांगायचं असेल तर?"

"मग 'न्ता'. न्ता मुन्यु, मीठ नाही."

"मुलगी नाही?"

"न्ता मुकोब्वा. पण डॉक्टर, दवाखान्यात हे कोणाला सांगणार?"

"असंच विचारलं."

मग डॉक्टर रोज असंच विचारू लागला. आम्ही तुम्हाला ओळखत नाही, हे कसं म्हणायचं? तुमच्या गायी आम्हाला आवडल्या नाहीत, हे कसं? असा शिष्य लिबोआरला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. खुशीच्या भरात त्यानं पेर्पेत्यूसाठी राखून ठेवलेली वाक्यंसुद्धा सांगून टाकली. डॉक्टरनं ती वहीत उतरवली.

मागणीच्या दिवशी लिबोआर कोट घालून आला, तर झेनोनं त्याला तिसऱ्या रांगेत, आत्याबाईंच्या मध्ये बसवलं.

"दादा, जरा गंमत केलीये. रागवू नको. पेर्पेत्यूचीच इच्छा. बुजुंबुराहून मैत्रिणी आल्यात तिच्या, फोनवर काढणारेत सगळं."

"काय काढणारेत?"

तेवढ्यात मुलीकडून मारेक उभा राहिला. "न्ता मुकोब्वा दुफिसे," तो म्हणाला, आमच्याकडे मुलगीच नाही, आणि अंगण डोक्यावर घेतलं लोकांनी. गोरा माणूस नकार देतोय! एकेक वाक्य लिबोआरचं. मध्येच थांबून नाक खाजवायची लकबसुद्धा त्याचीच. दाराच्या पडद्याआडून पेर्पेत्यू हसत होती. तिसऱ्या रांगेकडे तेवढं तिनं पाहिलं नाही.

"चांगलं बोलतोय हो," शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या. "कोणी शिकवलं असेल?"

मुलाकडून बोलायला ओनेस्फोर होता, वीस वर्षं लिबोआरशी झुंजलेला. त्यानं वहीत नसलेला प्रश्न टाकला. "मुलगी नाही म्हणता, मग पडद्यामागे हसतेय ती कोण? शेळी?"

मारेकचे कान लाल झाले. तो अडखळला, आणि आशेनं लिबोआरकडे बघायला लागला. झेनोनंही मान वळवली. "दादा, सांग ना एक चांगलंसं!"

लिबोआर उठला तसे लोक आधीच हसायला लागले.

"सांगतो," तो म्हणाला. "या अंगणात माझा भाऊ नाही."

हशा झाला.

"पुतणी नाही."

हशा अर्धा झाला.

"ज्याला ओट्यावर बसवून शिकवलं, तोही नाही."

मग कोणी हसलं नाही. ज्वारीच्या दारूच्या मडक्यातली नळी ओनेस्फोरनं तोंडातून काढली.

"दादा! पाहुण्यांसमोर असं बोलतात?"

"पाहुण्यांसमोर बोलायला तू मला ठेवलंसच कुठे?"

होकार आल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं. पण पेर्पेत्यू पडदा सारून बाहेर आली. मैत्रिणींचे फोन आपोआप खाली गेले. ओनेस्फोर हळूच म्हणाला, "लिबोआर, मुलगी तर बाहेर आली. आता तूच काय ते सांग."

"घेऊन जा," लिबोआर म्हणाला. "चांगली पोर आहे." इतकंच. मग तो आत्याबाईंचे गुडघे चुकवत रांगेतून बाहेर पडला.

फाटकाशी पेर्पेत्यूनं त्याला गाठलं. "काका, थांब ना. मला वाटलं तूही हसशील. डॉक्टर तुझंच तर सगळं बोलत होते."

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला. "मीच त्याला शिकवलं असतं, नीट, तुझ्यासाठी. चोरून कशाला नेलंत?"

तिनं त्याची बाही धरली. त्यानं ती हलकेच सोडवून घेतली, आत पाहुणे खोळंबलेत म्हणाला, आणि केळीच्या बागेतून खाली उतरला.