ठकुबाईंचा शनिवार

ठकुबाई फार रागीट होत्या, असं भोरात अजून कुणी कुणी सांगतं. मला ते पटत नाही. रागीट माणूस कशावरही चिडतं. ठकुबाईंना मी खऱ्या अर्थानं रागावलेलं एकदाच पाहिलं, आणि तो राग त्यांनी पुढं कधी खाली ठेवला नाही.

त्यांची वाडी वेळवंडीच्या खोऱ्यात, धरणाचं पाणी जिथं संपतं त्याच्याही वर. पाचसहा घरं, उतारावर नाचणी-वरई, खाली भाताची खाचरं. नवरा गेनबा गुडघ्यांनी अधू झालेला, त्यामुळं घर आणि शेत दोन्ही त्याच ओढायच्या. एकुलता मुलगा भिमा. लढाई सुरू झाली, संस्थानात भरतीची दवंडी फिरली, आणि वाडीतून तो एकटाच गेला. मी तेव्हा भोरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. ठकुबाईंची नणंद चंद्राबाई आमच्याकडं भात सडायला येई. तिच्याकडूनच मला भिमाची खबर कळायची. आधी आफ्रिकेत, मग इटलीत. इटली म्हणजे कुठं, हे मी चंद्राबाईला उखळाशेजारी जमिनीवर बोटानं काढून दाखवलं होतं. तिनं ते पायानं पुसलं आणि म्हणाली, "लई लांब हाय मग."

चव्वेचाळीस सालच्या थंडीत रखमाजी नावाचा एक शिपाई रजेवर आला. तो भिमाच्याच पलटणीतला. त्यानं वाडीवर जाऊन सांगितलं, "काकू, भिमाला यंत्रापुढं उभा केला व्हता. बोललाय त्यो. मुंबईच्या रेडिओवर शनवारी सांजंला फौजंतल्या पोरांचे निरोप लावत्यात. ह्या नायतर पुढच्या शनवारी त्याचा आवाज येतोय बगा."

गेनबाला ते खरं वाटेना. "पेटीत माणूस बोलतंय व्हय?" असं तो म्हणत राहिला. ठकुबाईंनी मात्र भाकरी बांधून घेतल्या आणि शनिवारी पहाटेच भोरची वाट धरली.

भोरात आमच्या लहानशा वाचनालयात दरबारानं एक रेडिओ बसवून दिला होता. बॅटरीवर चालणारा. तो सांभाळायचं काम ग्रंथपाल शरच्चंद्र यांच्याकडं. पुण्यात बी. ए. झालेला, मऊ बोलणारा, शिकण्याची खरी हौस असलेला माणूस; कुणी त्याला वाईट म्हणणार नाही. शनिवारी संध्याकाळी निरोपांच्या वेळेला रेडिओ लागायचा. आत जाजमावर पुरुष बसत, बाहेर ओट्यावर खिडकीशी आम्ही बायका.

त्या शनिवारी चंद्राबाई ठकुबाईंना घेऊन आली. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मी सरकून जागा दिली तर म्हणाल्या, "नगं बाई, हितं खिडकीलाच बसते. आवाज निसटून जायचा." शिवऱ्याचा म्हातारा कोंडिबाही आत बसला होता. त्याचा नातू फौजेत, आणि तो दर शनिवारी यायचा. अजून एकदाही नातवाचं नाव आलं नव्हतं.

शरच्चंद्रांनी रेडिओवरचं भरतकामाचं कापड काढलं आणि उभे राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता. "आज अपूर्व योग आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या केंद्रावर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन रचनाकाराची व्हायोलिनची रचना लागणार आहे. एक व्हायोलिन पुढं धावतं आणि बाकीची सगळी मिळून त्याला उत्तर देतात. पुन्हा कधी ऐकायला मिळेल सांगता येत नाही." पहिल्या ओळीत वकीलसाहेब होते. त्यांनी आधीच डोळे मिटून घेतले.

आणि ते सुरू झालं. पंधरावीस व्हायोलिनं एकदम उठली, मग सगळी थबकली, आणि एकटं एक भरारा पुढं निघालं. मागं कुठंतरी तारांची बारीक किणकिण चाललेली. खरं सांगते, मला ते आवडलं. पण जाजमावर चुळबुळ सुरू झाली.

"बाजारात धाड पडल्यावानी पळत्यात की सगळे," एक वाणी म्हणाला.

आंबवड्याच्या देवळात सनई वाजवणारे एक गुरव आले होते. ते मान हलवत होते. "हात चपळ हाय गड्याचा. पर ठेका कुठाय? तबलजी आजारी पडला का काय?"

लोक हसले. वकीलसाहेब डोळे न उघडता "वा!" म्हणाले, ते नेमकं दोन तुकड्यांमधल्या शांततेत, त्यामुळं जास्तच हसले. शरच्चंद्रांनी ओठांवर बोट ठेवलं. मग संथ भाग आला. एकच व्हायोलिन, लांब लांब ओढलेले सूर. कुणीतरी जांभई दिली. ठकुबाई गजांना धरून बसल्या होत्या, कान पुढं.

"हे झालं की पोरं बोलत्यात का?" त्यांनी मला विचारलं.

आत भिंतीवरच्या घड्याळाकडं माझं लक्ष गेलं. निरोपांची वेळ कधीच सुरू झाली होती. मी तसं म्हटलं मात्र, त्या उठल्या आणि दारातून थेट आत गेल्या. वाचनालयात बाई आत येण्याचा रिवाज नव्हता. माणसं पाय आवरून घेऊ लागली.

"साहेब, निरोपाची येळ झाली. त्ये लावा."

"थांबा बाई, संपत आलंय. शेवटचा भाग राहिलाय."

"माजं पोरगं बोलणार हाय."

"निरोप दर शनिवारी असतात हो. पुढच्या वेळी लावू ना." आणि मग, समजूत काढायची म्हणून, शरच्चंद्र हसून म्हणाले, "तुमचा मुलगा इटलीतच आहे ना? हे तिथलंच संगीत आहे!"

ठकुबाई ओरडल्या नाहीत, पण आवाज ओट्यापर्यंत आला. "म्हंजी माजं पोरगं तिकडं न्यायचं, आन तिकडची पिपाणी मला ऐकवायची? ह्यो कुठला न्याय?"

"बाई, खाली बसा!" मागून कुणीतरी म्हणालं. कोंडिबा पुटपुटला, "बस माय. पुढल्या शनवारी लागंल." ठकुबाई बसल्या नाहीत. रेडिओच्या टेबलासमोर तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्या पाठीमागून सगळ्यांनी ऐकला. तो संपला, शरच्चंद्रांनी घाईनं खुंटी फिरवली. खरखर झाली आणि निवेदकाचा आवाज आला, की आजचे निरोप संपले.

बुधवारी कोंडिबा भोरच्या बाजाराला आला, तो चंद्राबाईला शोधत आमच्या दारात. ठकुबाई अजून परत गेल्या नव्हत्या. पुढचा शनिवार बघूनच जाईन म्हणून नणंदेकडं राहिल्या होत्या आणि त्या दिवशी तिच्याबरोबर सडायला आल्या होत्या. कोंडिबा त्यांच्याकडं न बघता बोलला. सारोळ्याच्या पुलाजवळ एका हॉटेलात रेडिओ होता. तिथं शनिवारी मोटारवाले बसलेले. त्यातल्या एकानं सांगितलं, की वेळवंडीकडचा कुणी भिमा गेनबा बोलला.

"काय बोलला?" ठकुबाईंच्या हातातलं मुसळ तसंच राहिलं.

"समदं काय त्याच्या ध्यानात न्हाई. बरा हाय म्हणाला. आन शेवटाला... 'आई, म्हस व्याली का?' असं इचारलं म्हणं. लोकं हसली, म्हणून त्याच्या ध्यानात ऱ्हायलं."

चंद्राबाईच्या डोळ्यांना धार लागली. ठकुबाईंच्या नाही. त्यांचा चेहरा काळा पडला. "लोकं हसली," त्या म्हणाल्या. "चा पिताना परक्या माणसांनी माजं पोरगं ऐकलं आन हसली. म्या हितं पेटीम्होरं उबी व्हते." त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि मला विचारलं, "बाई, मामलेदार कुठं बसतो?"

मी बरोबर गेले. माझंही डोकं तापलं होतं. एका माणसाच्या हौसेपायी दुसऱ्याच्या पोराचा आवाज हवेत विरतो, आणि वर लोक त्या बाईलाच अडाणी म्हणून हसतात. शनिवारपासून पेठेत तेच चाललं होतं: डोंगरातल्या बाईला विलायती संगीत काय कळणार!

मामलेदारांनाही ती गोष्ट आधीच कळली होती. ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "अहो, रेडिओ करमणुकीसाठी ठेवलाय. तुम्हाला ते वाजवणं आवडलं नाही, ही काय तक्रार झाली?"

"वाजवणं वंगाळ न्हवतं," ठकुबाई म्हणाल्या. "मधी तर बाई रडावी तसं वाटलं. पर रडायचं तर कुणाचं तरी नाव घिऊन रडावं. त्ये रडतंय कुणासाठी, कळंना. त्ये ऱ्हाऊ द्या. म्या वाजवण्याची तक्रार घिऊन आले न्हाई, साहेब. माज्या येळंची तक्रार हाय."

"पण त्यात तुमचा हक्क कसला?"

"भरतीला दवंडी दिली तवा आमच्या वाडीची वाट बरी घावली तुमाला. पोरगं मागताना दार चुकलं न्हाई. आता त्याचा आवाज पोचवायचा, तर म्हणं करमणूक."

मामलेदार सरळ बसले. त्यांनी टाक दौतीत ठेवला. मग शिपायाला हाक मारून हुकूम सांगितला: शनिवारी निरोपांच्या वेळेत वाचनालयाच्या रेडिओला दुसऱ्या कशासाठी कुणी हात लावायचा नाही, आणि ज्यांची मुलं फौजेत आहेत ती माणसं पुढं बसतील, बाया असल्या तरी. ठकुबाईंनी नमस्कार केला नाही. "आदी करायचं व्हतं," एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

त्या शनिवारी त्या पहिल्या ओळीत बसल्या. भिमाचं नाव आलं नाही. कोंडिबाच्या नातवाचंही नाही. पुढं कोंडिबाचा नातू एकदा बोलला, आणि म्हातारा आवाज ओळखेना म्हणून सगळ्यांनी त्याला गदागदा हलवून सांगितलं. शेतीची कामं नसली की ठकुबाई यायच्या. दुसऱ्यांच्या पोरांचे निरोप नीट ऐकायच्या, आणि वाटेवरच्या गावचं कुणी बोललेलं असलं, तर घरी जाताना त्या त्या दारात थांबून सांगायच्या. भिमाचा आवाज मात्र पुन्हा कधीच लागला नाही. एकदाच बोलायला मिळत असे.

भिमा शेहेचाळीस साली परत आला. एका कानानं कमी ऐकू यायचं, बाकी धड होता. ही बातमी कळल्यावर शरच्चंद्र माझ्याकडं आले. "मला वाडीवर जायचंय, बाई. तुम्ही येता का?" आम्ही दोघं चंद्राबाईबरोबर गेलो. चढाला त्यांना दम लागत होता, तरी हातातला पेढ्यांचा पुडा ते जपून नेत होते.

अंगणात भिमा दोर वळत होता. ठकुबाईंनी आम्हाला घोंगडी टाकली, ताक दिलं. शरच्चंद्रांनी पुडा पुढं केला. ते मनापासूनच बोलले, "ठकुबाई, देवाची कृपा. मुलगा सुखरूप आला. आता तरी माझ्यावरचा राग सोडा."

ठकुबाईंनी पुडा घेऊन कडेला ठेवला. "पोरगं आलं, त्ये त्याच्या नशिबानं आलं," त्या म्हणाल्या. "त्ये आलं म्हणून तुमचं बरूबर ठरत न्हाई. नसतं आलं, तर त्यो एक आवाज ऱ्हायला असता मला. त्यो तुमी घालवलाच हाय. ताक प्या."

भिमानं चांगला कान पुढं करून विचारलं, "काय म्हणतीस, आये?" ठकुबाईंनी त्याच्यापुढंही ताक ठेवलं. शरच्चंद्रांनी ताक संपवलं.

उतरताना धरणाचं पाणी दिसू लागल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "दोन-दोन वर्षं कुणी राग धरतं का हो?"

"धरावा," मी म्हणाले. चंद्राबाई आमच्या पुढं भराभरा चालली होती. अंधार पडायच्या आत तिला भोर गाठायचं होतं.